केसगळतीला दिल्लीचं पथक आलं. सात गावांत एकट्या असलेल्या 'एम.एस.' रुग्णाकडे कोण येणार?

विशेष विश्लेषण | बुलढाणा

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. पुढं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आरोग्य विभागाची पथकं आली, पाण्याचे नमुने तपासायला गेले, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ गावात उतरले, टीव्हीचे कॅमेरे तर दारोदार फिरले. एकाच वेळी, एकाच भागात, शंभरावर माणसं आजारी पडली की यंत्रणा जागी होते. तशी ती व्हायलाच पाहिजे.

पण जो रोग सहा-सात गावांत मिळून एकालाच होतो, त्याचं काय? त्या रुग्णाच्या दारात पथक येत नाही, त्याची बातमी होत नाही. कित्येकदा रोगाचं नावसुद्धा त्याला चार-पाच वर्षांनी कळतं. असाच एक रोग म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर लोक त्याला 'एम.एस.' म्हणतात. या रोगाच्या माणसाला घरबसल्या मोबाईलवर डॉक्टर भेटू शकतो का, भेटला तर काय काम होतं आणि कुठं अडतं, हे आज समजून घेऊ.

हा रोग आहे तरी काय?

आपल्या विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तांब्याची तार असते, वरून रबराचं वेष्टण. उंदरानं ते वेष्टण कुरतडलं की तार शाबूत असूनही करंट नीट जात नाही. मोटार कधी चालते, कधी अडखळते, कधी बंद पडते. आपल्या मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या नसांवरही असंच एक वेष्टण असतं. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती काही माणसांत चुकून याच वेष्टणावर हल्ला करते. तोच एम.एस. १८६८ साली फ्रान्समधले डॉक्टर शार्को यांनी या रोगाचं नीट वर्णन केलं.

लक्षणं मात्र फसवी असतात. कुणाला एका डोळ्यानं अचानक धूसर दिसतं आणि डोळा फिरवला की दुखतं. कुणाच्या पायाला मुंग्या येतात, पाय जड होतो, चप्पल पायातून निसटते. कुणाचा तोल जातो. कुणाला लघवी धरवत नाही किंवा होतच नाही. थकवा तर असा की सकाळी उठल्या उठल्या माणूस दिवसभर सोयाबीन सोंगून आल्यासारखा गळून गेलेला. मग दोन-चार आठवड्यांत हे आपोआप कमी होतं आणि घरचे म्हणतात, 'बरं झालं, गेलं एकदाचं.' काही महिन्यांनी दुसऱ्याच जागी त्रास सुरू होतो.

हा म्हातारपणाचा रोग नाही. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो. म्हणजे लग्न, बाळंतपण, लहान लेकरं, शेतीचं काम, सगळं ऐन भरात असतानाच. आपल्याकडे अशा सुनेला आधी 'कामाचा कंटाळा आहे' म्हणतात, मग 'बाहेरचं लागलं' म्हणतात, आणि शेवटी माहेरी पाठवून देतात. यातून कुणाचं काय नुकसान होतं हे वेगळं सांगायला नको.

जिल्ह्यात असे किती असतील?

जिल्ह्याची वेगळी मोजणी हाताशी नाही, पण अंदाज बांधता येतो. एम.एस. रुग्णांच्या जागतिक नोंदीप्रमाणे जगात २८ लाखांहून जास्त लोकांना हा रोग आहे. थंड देशांत तो जास्त, आपल्याकडे कमी. मंगळूर शहरात झालेल्या एका पाहणीत दर लाख लोकांमागे आठच्या थोडे वर रुग्ण सापडले होते. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. मंगळूरचा दर इथं लावला तर दोनशेच्या आसपास आकडा येतो. हा नुसता हिशेब आहे, मोजणी नव्हे. पण जिल्ह्यात गावं चौदाशेच्या आसपास आणि रुग्ण दोनशे धरले, तर सहा-सात गावांत मिळून एक माणूस.

सगळी अडचण या आकड्यात आहे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. तेराही तालुक्यांत हे रुग्ण विखुरलेले. दोनशे माणसांसाठी कुणी तालुक्याला मेंदूविकार तज्ज्ञ बसवणार नाही, आणि तेवढे तज्ज्ञ देशात आहेतही कुठं? १४० कोटींच्या देशात न्यूरोलॉजिस्ट मोजके काही हजार, तेही बहुतेक मोठ्या शहरांत. बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ साली मान्यता मिळाली ही चांगलीच गोष्ट झाली. पण एमबीबीएसचं कॉलेज आलं म्हणजे न्यूरोलॉजिस्ट आला, असं नसतं. ती पुढची, वेगळी पदवी आहे.

डॉक्टर गावात येऊ शकत नाही आणि रुग्ण दर महिन्याला शहरात जाऊ शकत नाही. मग मधली वाट उरते ती तारेची, म्हणजे टेलिमेडिसिनची.

एका खेपेचा हिशेब

समजा संग्रामपूर तालुक्यातली एक तिशीतली बाई आहे आणि तिचा डावा पाय ओढला जातो. अकोल्याला दाखवायचं तर जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, पण पायरी चढायचं त्राण पायात नाही आणि वाटेत लघवीला जायची सोय नाही. म्हणजे स्पेशल गाडी आली. सोबत नवरा आला, त्याची मजुरी बुडाली. लेकरं शेजारी ठेवावी लागली. नंबर लावला, दुपार झाली, डॉक्टरनं दहा मिनिटं पाहिलं आणि 'गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी या' असं सांगितलं. संध्याकाळी घरी आल्यावर ती बाई पुढचे दोन दिवस उठत नाही, कारण थकवा हाच तिचा रोग.

लोणारवाल्याला छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर एका बाजूनंच दीडशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर-मुंबईचं तर बोलायलाच नको. अशा दोन-तीन खेपा झाल्या की लोक जाणं सोडतात. जाणं सुटलं की गोळ्या सुटतात. गोळ्या सुटल्या की पुन्हा झटका येतो, आणि प्रत्येक झटका मागं थोडं थोडं अपंगत्व ठेवून जातो. एम.एस.मध्ये बुडालेला वेळ परत मिळत नाही, म्हणून हा प्रश्न नुसता सोयीचा राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोबाईलवर डॉक्टरकी करायला आपल्या देशात स्पष्ट नियम आले ते २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. त्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणी असलेला कोणताही डॉक्टर व्हिडिओवर, फोनवर किंवा लेखी संदेशावर सल्ला देऊ शकतो. यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या.

पहिली, डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दाखवायलाच पाहिजे. दुसरी, प्रत्यक्ष भेट झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेला फोन 'फॉलोअप' धरला जातो आणि चालू औषधं पुढं लिहून देणं डॉक्टरला सोपं जातं. तिसरी, 'हे फोनवर जमणार नाही, प्रत्यक्ष या' असं सांगायचा डॉक्टरला पूर्ण अधिकार आहे. कुणी असं सांगितलं तर तो आपल्याला टाळतोय असं समजू नये.

सरकारची 'ई-संजीवनी' सेवा फुकट आहे. तिचे दोन रस्ते आहेत. एक, गावातल्या उपकेंद्रातून, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून, समुदाय आरोग्य अधिकारी पुढच्या डॉक्टरशी व्हिडिओवर जोडून देतात. दुसरा, १३ एप्रिल २०२० पासून सुरू झालेला, रुग्ण घरूनच मोबाईलवर टोकन घेऊन बोलतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात या सेवेवर १० कोटी सल्ले झाले होते. म्हणजे रस्ता तयार आहे, वर्दळही आहे.

अडचण पुढं आहे. सर्दी-ताप, बीपी, शुगर, खाज यांसाठी हा रस्ता सरळ चालतो. एम.एस.च्या रुग्णानं फोन लावला तर समोर साधारणपणे सामान्य ओपीडीचा डॉक्टर असतो, आणि त्यानं असा रुग्ण आयुष्यात एखादाच पाहिलेला असतो. पुढच्या वेळी दुसराच डॉक्टर. दर वेळी पहिल्यापासून कहाणी. या रोगाला गरज आहे ती एकाच तज्ज्ञाची, ज्याला मागच्या वेळी पाय किती उचलला जात होता हे माहीत आहे.

फोनवर काय होतं, काय होत नाही

रोगाचं निदान फोनवर होत नाही. हे आधी पक्कं डोक्यात बसवा. मेंदूचा आणि कण्याचा एम.आर.आय. लागतो, कधी पाठीतलं पाणी तपासावं लागतं, हातोडीनं गुडघा ठोकून पाहावा लागतो, डोळ्याचा पडदा बघावा लागतो. बी-१२ ची कमतरता, मणक्याचा टी.बी. यांचीही लक्षणं अशीच दिसतात. 'एन.एम.ओ.' नावाचा एक जुळ्या भावासारखा रोग आहे, त्याचा आपल्या देशात वेगळा विचार करावाच लागतो. कारण एम.एस.ची काही इंजेक्शनं एन.एम.ओ.च्या रुग्णाला दिली तर तो रोग वाढतो. म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष, तज्ज्ञाकडेच. त्यात काटकसर नको.

पण एकदा निदान झालं, औषध ठरलं, की पुढच्या बऱ्याच भेटी व्हिडिओवर होऊ शकतात. डॉक्टर चाल पाहू शकतो, बोलणं ऐकू शकतो, डोळ्यांची हालचाल, हात वर धरल्यावर पडतो का, नाकाला बोट लावताना थरथरतो का, हे सगळं कॅमेऱ्यावर दिसतं. रक्ताची तपासणी तालुक्याच्या लॅबमध्ये करून रिपोर्टचा फोटो पाठवता येतो. एम.एस.च्या काही गोळ्यांवर पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, काहींवर लिव्हरची तपासणी. त्यासाठी दीडशे किलोमीटर जायची गरज नाही.

एक तपासणी तर घरच्या अंगणात होते. जगभर एम.एस.च्या दवाखान्यांत रुग्णाला २५ फूट चालायला लावतात आणि घड्याळ लावून सेकंद मोजतात. टेपनं २५ फूट मोजा, दोन्ही टोकांना दगड ठेवा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच चपलेत. सोबत काठी असेल तर दर वेळी काठीनंच. आकडा वहीत लिहा. मागच्यापेक्षा पाचव्या हिश्शानं जास्त वेळ लागत असेल, म्हणजे दहा सेकंदांचे बारा झाले असतील, तर डॉक्टरला सांगण्यासारखी गोष्ट आहे. 'जरा जास्त त्रास होतो' या वाक्यापेक्षा डॉक्टरला हा आकडा शंभरपट कामाचा.

व्यायामाचंही तसंच. फोन, इंटरनेट अशा साधनांनी दुरून दिलेल्या पुनर्वसनाबद्दल (व्यायामही त्यात आला) २०१५ साली कोक्रेन या संस्थेनं आढावा घेतला होता. त्यात ९ चाचण्या, ५३१ रुग्ण होते. फायदा दिसला, पण पुरावा कच्चा, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मात्र घरी बसून, व्हिडिओवर शिकवणारा ठेवून केलेला व्यायाम केंद्रात जाऊन केलेल्या व्यायामापेक्षा कमी पडला नाही. ज्या खेड्यात फिजिओथेरपिस्ट नाही, तिथं ही बातमी मोलाची आहे.

ऊन आणि झटका यांतला फरक

आपल्या भागात ही गोष्ट प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत असलीच पाहिजे. वेष्टण गेलेल्या नसांना उष्णता सहन होत नाही. अंग तापलं की जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात: डोळ्यापुढं धूसर, पाय लुळा, बोलणं जड. एप्रिल-मे मध्ये विदर्भाच्या उन्हात, पत्र्याच्या घरात, चुलीपुढं बसलेल्या बाईला हे होणारच. सावलीत नेलं, ओलं फडकं अंगावर ठेवलं, पंखा लावला की तास-दोन तासांत उतरतं. हा नवा झटका नाही. ताप आला किंवा लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी असंच होतं.

खरा झटका वेगळा. नवीन लक्षण किंवा जुनं जास्त झालेलं, चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलेलं, आणि ताप नसताना आलेलं. त्यासाठी साधारणपणे तीन ते पाच दिवस स्टिरॉइडचं सलाईन देतात.

टेलिमेडिसिनची खरी परीक्षा इथंच आहे. झटका आहे की उन्हाचा त्रास, हे घरच्यांना ठरवता येत नाही. घाबरून गाडी करून शहर गाठलं आणि 'काही नाही, ऊन बाधलं' असं ऐकून परत आले, तर पुढच्या वेळी खऱ्या झटक्यालाही कुणी उठत नाही. त्याऐवजी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं ताप पाहिला, बीपी-शुगर पाहिली, लघवीची तपासणी केली आणि तिथूनच तज्ज्ञाला व्हिडिओवर दाखवलं, तर अर्ध्या तासात उत्तर मिळतं. झटकाच असेल तर तज्ज्ञाच्या सांगण्यावरून ते सलाईन जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, देखरेखीखाली लावता येईल. औषध अकोल्याला एक आणि शेगावला दुसरं असं काही नाही. पण हे डॉक्टरनं सांगितल्यावरच. मेडिकलमधून स्टिरॉइड आणून घरी टोचून घेण्याचा उद्योग कुणी करू नये. शुगर वाढते, आत दबलेला टी.बी. उसळू शकतो.

औषध फोनमधून येत नाही

आता अवघड भाग. व्हिडिओ कॉल फुकट झाला तरी गोळी फुकट होत नाही. एम.एस. कायमचा बरा करणारं औषध अजून नाही, पण झटके कमी करणारी औषधं १९९३ पासून आहेत आणि आता बरीच झाली आहेत. काहींच्या भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्याही मिळतात. तरी खर्च दर महिन्याचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी रोज खायच्या गोळ्यांचा भार घरच्यांवरच राहतो.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी पहिल्यांदाच तीन औषधं घेतली: ग्लॅटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रिटुक्सिमॅब. यातलं रिटुक्सिमॅब आपल्या देशात बरेच तज्ज्ञ वापरतात. ते दवाखान्यात सलाईनमधून, बहुधा सहा-सहा महिन्यांनी देतात. खेड्यातल्या माणसासाठी ही गोष्ट विचार करण्यासारखी. वर्षाला दोन खेपा प्रत्यक्ष, त्याच वेळी हातोडीनं तपासणी, आणि मधल्या भेटी व्हिडिओवर. कोणतं औषध कुणाला चालतं हे मात्र तज्ज्ञच ठरवील.

काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. ज्या गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथं ती लिहून देण्याआधी डॉक्टरनं विचारलं पाहिजे, आणि त्यानं नाही विचारलं तर आपण सांगितलं पाहिजे. व्हिडिओ कॉलचा एक फायदा असा की डॉक्टरला आपलं घर दिसतं. पत्र्याचं छप्पर, उंच उंबरा, बाहेरचा संडास, हे सगळं त्याच्या सल्ल्यात आलं पाहिजे.

फोन कुणाच्या हातात?

आपल्या गावांत स्मार्टफोन घरोघरी आहे म्हणतात, पण तो असतो नवऱ्याकडे किंवा पोराकडे. रुग्ण बहुतेक वेळा बाई. डॉक्टर विचारतो, 'लघवी कपड्यात होते का? पाळी कशी आहे? मूल हवं आहे का?' आणि मागं सासरा खाटेवर बसलेला. ती काय उत्तर देणार? 'सगळं ठीक आहे' एवढंच.

आणि हे प्रश्न टाळून चालत नाहीत. एम.एस. असलेल्या बाईला मूल होऊ शकतं, रोग म्हणून लग्न किंवा बाळंतपण बाद होत नाही. पण काही गोळ्या गर्भ राहायच्या आधीच थांबवाव्या लागतात. ती गोष्ट डॉक्टरशी मोकळी झालीच पाहिजे. म्हणून गावातली उपकेंद्राची खोली महत्त्वाची. तिथं दार लावता येतं, सिस्टर किंवा आशाताई सोबत असते, आणि रेंजसाठी गच्चीवर चढावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तर घरून व्हिडिओ कॉल म्हणजे नशिबाचा खेळ.

माझ्या मते टेलिमेडिसिनचा खरा अर्थ इथं आहे. डॉक्टरच्या टोकाला कितीही मोठा तज्ज्ञ बसवा, रुग्णाच्या टोकाला प्रशिक्षित माणूस नसेल तर तो नुसता व्हिडिओ कॉल. पुलाला दोन्ही काठांवर खांब लागतात.

'कायमचा इलाज' विकणाऱ्यांपासून सावध

जिथं खरा डॉक्टर पोचत नाही तिथं जाहिरात आधी पोचते. 'नसांचा कोणताही आजार ४० दिवसांत मुळासकट' असे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर रोज फिरतात. एम.एस.चा त्रास आपोआपही कमी होतो, त्यामुळे नेमकी त्याच वेळी घेतलेली पुडी गुणकारी वाटते. फोनवर सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. तो द्यायला कचरतो, आधी पैसे पाठवा म्हणतो, चालू गोळ्या बंद करा म्हणतो, तर फोन ठेवून द्या.

हक्काच्या गोष्टी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मान्य आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मागता येतं. बऱ्याच योजनांसाठी ४० टक्क्यांची अट असते. हा रोग कमी-जास्त होतो, तपासणीच्या दिवशी माणूस बरा दिसू शकतो, म्हणून न्यूरोलॉजिस्टची जुनी चिठ्ठी, एम.आर.आय.चा रिपोर्ट आणि चालण्याच्या आकड्यांची वही सोबत न्या.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. सात गावांत एकट्या असलेल्या माणसाला आपल्यासारखा दुसरा माणूस फोनवर भेटणं, हाही एक इलाजच.

मग मागायचं काय?

फक्त एम.एस.साठी वेगळी सोय मागितली तर 'दोनशे रुग्णांसाठी एवढं?' असं उत्तर येईल, आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. पण जो तज्ज्ञ एम.एस. पाहतो तोच फिट येणारे, लकवा मारलेले, कंपवाताचे रुग्णही पाहतो. ते मिळून जिल्ह्यात हजारोंनी आहेत. म्हणून मागणी सगळ्यांची मिळून असावी.

एक, अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून बुलढाणा जिल्ह्यासाठी मेंदूविकाराची व्हिडिओ ओपीडी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, शक्यतो तोच डॉक्टर. दोन, प्रत्येक तालुक्यात निदान एका आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला यासाठी प्रशिक्षण. तीन, झटक्याचं सलाईन उपजिल्हा रुग्णालयात मिळण्याची लेखी व्यवस्था. चार, जिल्ह्यातल्या रुग्णांची नोंद, कारण ज्याची मोजणी नाही त्याला निधी नाही.

हे अशक्य नाही. मानसिक आजारांसाठी केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' सुरू केलं, १४४१६ वर आज कुणीही फोन करू शकतो. शेजारच्या कर्नाटकात बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं राज्य सरकारसोबत मेंदूच्या आजारांसाठी जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना शिकवायचं काम हाती घेतलं आहे. एका विषयासाठी तार ओढता येते, तर दुसऱ्यासाठीही ओढता येईल.

तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी एवढं करा. सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरला सरळ विचारा, 'मधल्या भेटी व्हिडिओवर कराल का? कोणत्या वारी, कोणत्या नंबरवर?' बरेच डॉक्टर हो म्हणतात, आपणच विचारत नाही. गावच्या सिस्टरला आणि आशाताईला रोगाचं नाव लिहून द्या.

आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांनी ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा वरच्या चार मागण्यांचा ठराव मांडा. ज्याला हा रोग आहे तो गावात एकटाच आहे. ठरावावर सह्या करायला मात्र अख्खं गाव आहे.